उधळ्या म्हणावे तरी कुणाला?

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांच्या नावे एक निवेदन दिले. सेनगाव तालुक्यातले हे गाव. सोयाबीन पिकवणारे, पावसाच्या भरवशावर चालणारे. निवेदनात किडनी, यकृत, डोळे अशी नावे होती आणि प्रत्येक अवयवापुढे त्याचा भाव लिहिलेला होता. पीक हातचे गेले, बँकेचे कर्ज तेवढे उरले, विकायला दुसरे काही राहिले नाही, तेव्हा हे विकत घ्या, असे त्याचे म्हणणे. पुढे ही मंडळी मुंबईपर्यंत गेली. तो निषेधाचा प्रकार होता हे सांगायला नको. त्यानंतर साधारण दीड वर्षाने, एप्रिल २०२५ मध्ये, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे नाशिक जिल्ह्यात अवकाळी पावसाने झालेल्या नुकसानीची पाहणी करत होते. कर्जमाफीचा विषय निघाला तेव्हा, त्या पैशांचे तुम्ही करता काय, साखरपुडे आणि लग्नेच ना, अशा आशयाचे ते बोलून गेले. टीका झाली, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, बातमी शिळी झाली. बोलणे मात्र शिळे झाले नाही, कारण ते त्यांचे एकट्याचे नव्हतेच. बँकेच्या शाखेत, तहसिलात, एसटीत, शहरातल्या दिवाणखान्यात ते रोज कुणी ना कुणी बोलत असते: कर्ज काढायचे, लग्नात उडवायचे आणि मग माफीसाठी हात पसरायचे. ही समजूत किमान दीडशे वर्षांची आहे. ती एकदा सरकारी खर्चाने तपासली गेली आणि तिला अवास्तव महत्त्व दिले जाते असा निर्णयही झाला. तरीही ती टिकली. ती कशी टिकली हे शेतकऱ्याच्या वहीत शोधून सापडायचे नाही. उधळेपणा आणि काटकसर हे शब्द आपण कुणाच्या वाट्याला देतो, तिथे ते शोधावे लागेल.

आधी ती तपासणी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली आणि पाहता पाहता हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. माणसे मारणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना कर्जरोखे आणि हुकूमनामे हवे होते. ते मिळाले की चौकात जाळले जात. मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत एक मत पक्के रुजलेले होते: इथला कुणबी लग्नकार्यात बेसुमार खर्च करतो, म्हणून सावकाराच्या कचाट्यात सापडतो. आयोगाने खाती तपासली, जबान्या घेतल्या आणि १८७६ च्या अहवालात सांगितले की लग्न आणि सणवार यांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व दिले गेले आहे. एका लग्नाचा खर्च कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने मोठा दिसतो हे आयोगाने नाकारले नाही. पण असे प्रसंग क्वचित येतात. बऱ्याच वर्षांचा हिशेब मांडला तर त्याच्या परिस्थितीतल्या माणसाने घरच्या आणि चारचौघांतल्या आनंदावर जितका खर्च करणे रास्त, त्याहून तो बहुधा जास्त भरत नाही, असे आयोगाचे मत पडले. लग्नाचा आकडा कर्जाच्या खात्यात दिसतो, पण कर्जाचे मूळ तिथे क्वचितच असते. कर्ज वाढण्याची कारणे दुसरीकडे होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाचे भाव चढले आणि त्या जोरावर पतही चढली. युद्ध संपताच भाव कोसळले. नेमका त्याच सुमारास जमीनमहसुलाचा फेरआढावा होऊन अनेक तालुक्यांत सारा वाढला. पीक येवो न येवो, सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला. भरायला रोकड सावकाराकडेच, आणि त्याच्या रोख्यामागे दिवाणी न्यायालय उभे. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा या निष्कर्षांतून निघाला. म्हणजे इंग्रज सरकारनेही, स्वतःच्या सोयीपुरते का होईना, दोष पंगतीत नाही हे कायद्याने मान्य केले. ही चौकशी इंग्रजी मुलखातली, आणि हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, हे खरे. पण कोरडवाहू जमीन, रोखीतली देणी आणि हंगामाच्या तोंडावर लागणारी उसनवारी यांना त्या सरहद्दीने काही फरक पडत नव्हता.

ज्या साली सुप्यात रोखे जळत होते त्याच १८७५ साली लंडनमध्ये सॅम्युएल स्माइल्स यांचे ‘थ्रिफ्ट’ नावाचे पुस्तक निघाले. ‘सेल्फ हेल्प’ या पुस्तकामुळे स्माइल्स आधीच घरोघरी पोहोचले होते. कामगाराने दारूवर पैसा घालवू नये, बचत बँकेत टाकावा, म्हणजे त्याची गरिबी त्याची तोच दूर करील, असा या पुस्तकाचा रोख. थ्रिफ्ट या इंग्रजी शब्दाचा प्रवास या ठिकाणी पाहण्यासारखा आहे. मुळात तो थ्राइव्ह, म्हणजे फोफावणे, भरभराटीला येणे, याच्या कुळातला. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ भरभराट, मिळवलेली संपत्ती असा होता. म्हणूनच उधळ्या माणसाला इंग्रजीत स्पेंडथ्रिफ्ट म्हणतात: साचलेले वैभव खर्चून टाकणारा. पुढे शब्दाचा अर्थ सरकला आणि भरभराटीच्या जागी काटकसर आली. फळाचे नाव झाडाला लागले म्हणा ना. ज्याची भरभराट झाली त्याने ती काटकसरीनेच मिळवली असणार, आणि ज्याची झाली नाही त्याने पैसा उडवला असणार, हा सिद्धांत त्या एका शब्दात आपोआप बसला. व्हिक्टोरियन इंग्लंडने हा शब्द वसाहतींतही आणला. इथल्या कलेक्टरांच्या अहवालांत कुणब्याला जे अदूरदर्शी, उधळे म्हटले जाते, त्यामागे हीच तालीम आहे.

ग्रीकांचा शब्द याहून कठोर, पण वापरताना ते अधिक जपून वापरत. उधळेपणाला त्यांच्याकडे असोतिया म्हणत आणि उधळ्याला असोतोस. शब्दशः, ज्याला आता वाचवता येणार नाही असा. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या चौथ्या भागात या शब्दाची फोड केली आहे. दातृत्व हा मध्य. एका टोकाला हात आखडणे, दुसऱ्या टोकाला असोतिया. पण असोतोस कुणाला म्हणायचे यावर त्याने अट घातली: जो स्वतःच्या करणीने स्वतःचा नाश ओढवतो, तोच. आपली चीजवस्तू संपवणे म्हणजे आपल्या जगण्याचा आधार संपवणे, म्हणून हा शब्द इतका जड. शिवाय किती खर्च केला हे आकड्यावर ठरत नाही, ऐपतीवर ठरते. थोडे देणारा जास्त दिलदार असू शकतो, कारण त्याच्यापाशी होतेच थोडे. आणि मग जाता जाता तो एक निरीक्षण नोंदवतो, त्याने मात्र आज दचकायला होते. जुलमी राजांना आपण उधळे म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे इतके असते की कितीही दिले-खर्चले तरी ते संपणे कठीण. ॲरिस्टॉटलला हे व्याख्येतून निघणारे साधे अनुमान वाटले. मला त्यात अख्ख्या समाजव्यवहाराचे वर्म दिसते: उधळेपणाचा शिक्का मिळायला आधी संपण्याइतके कमी असावे लागते. तो आणखी एक गोष्ट सांगतो. उधळ्या माणूस कंजुषापेक्षा सुधारायला सोपा. वय आणि गरिबी त्याला ताळ्यावर आणतात. ही कसोटी मराठवाड्याच्या शेतकऱ्याला लावून पाहावी. त्याचे कर्ज जर असोतियेतून आले असते, तर गरिबीचे औषध त्याला इतक्या पिढ्या पाजल्यावर तो एव्हाना खडखडीत बरा व्हायला हवा होता.

लग्नाबद्दलही ॲरिस्टॉटलकडे सांगण्यासारखे आहे. मोठ्या प्रसंगी शोभेल असा मोठा खर्च करणे, याला तो मेगालोप्रेपेइया म्हणतो आणि त्याची गणना सद्गुणांत करतो. घरगुती उदाहरण देताना त्याला पहिले सुचते ते लग्न, कारण ते एकदाच होते. १८७६ च्या आयोगाने हेच तर म्हटले होते. याउलट गावंढळ दिखाऊपणाचा त्याचा नमुना असा: आपल्या रोजच्या जेवणमंडळाच्या सोबत्यांना लग्नाच्या थाटाची मेजवानी देणारा आणि विनोदी नाटकाच्या कोरसला जांभळी वस्त्रे चढवून रंगमंचावर आणणारा. म्हणजे दोष मोठ्या खर्चाचा नाही, प्रसंग सोडून केलेल्या मोठ्या खर्चाचा आहे. पण इथे एक हरकत येते आणि ती ग्रीकांच्याच बाजूने येते. ॲरिस्टॉटल हेही म्हणतो की गरीब माणसाला मेगालोप्रेपेइया साधणार नाही. तसा प्रयत्न करील तो मूर्ख. मग शेतकऱ्याने लग्न थाटात केले तर ग्रीक मोजमापाने तो मूर्खच ठरतो ना? ठरतो. ॲरिस्टॉटलचा सद्गुणी माणूस गुलाम बाळगणारा, मालमत्ता असलेला नागरिक आहे; शोभा त्याची, बाकीच्यांनी पाहायची. आमच्या गावात तसे नाही. चार एकरवाल्याच्या दारातही मांडव पडतो, भाऊबंदांना मूळ जाते, पंगत उठते, आणि त्या दिवशी तो कुणापेक्षा कमी नसतो. हा हक्क ॲरिस्टॉटलने गरिबाला दिलेला नव्हता. तो आपल्याकडे आहे याची मला लाज वाटत नाही.

आता मराठीकडे येऊ. काटकसर या शब्दात भरभराटीचा मागमूस नाही. आधीच कमी असलेल्यातून आणखी काटायचे, असा तो शब्द. पोटाला चिमटा, टुकीचा संसार, पुरवून पुरवून वापरणे, सगळे त्याच्याच गोतावळ्यातले. पैसा साठवणाऱ्याचे कौतुक मराठीने फारसे केलेले नाही: कंजूष, चिक्कू, कद्रू, कवडीचुंबक, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. कृपण हा संस्कृतातून आलेला शब्द मुळात दीनवाणा, कीव यावी असा माणूस दाखवतो, आणि गंमत अशी की इंग्रजीतल्या मायझर या शब्दामागचा लॅटिन शब्दही तेच सांगतो. खर्च करणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे दोन वेगळ्या पेट्या आहेत. एकीत उधळ्या, खर्चिक, चैनी, पैसा उडवणारा, ऋण काढून सण करणारा. दुसरीत हौशी, दिलदार, सढळ हाताचा, राजेशाही. पेटी निवडताना आपण खर्च पाहत नाही, खर्च करणारा पाहतो. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या आठव्या भागात हेच वर्णिले आहे: बिघडलेल्या मनात शब्दांची अदलाबदल होते, बेशिस्तीला स्वातंत्र्य म्हणतात आणि असोतियेला मेगालोप्रेपेइया. जुलै २०२४ मध्ये अंबानी कुटुंबातल्या लग्नासाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या रस्त्यांवर निर्बंध आले, तेव्हा वाहतूक पोलिसांच्या सूचनेत त्या लग्नाचा उल्लेख सार्वजनिक कार्यक्रम असा होता. वर्तमानपत्रांनी, आमच्यासकट, शाही विवाहसोहळा म्हटले. त्यांनी उधळपट्टी केली असे माझे म्हणणे नाही. ॲरिस्टॉटलच्या व्याख्येने त्यांना उधळे म्हणताच येत नाही, संपत्ती संपली कुठे? मुद्दा एवढाच की त्या व्याख्येचा फायदा एकाच बाजूला मिळतो.

उलट बाजूने पाहायचे तर आपल्याच मुलखाचे उदाहरण आहे. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आला आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत गोरेगावचे शेतकरी त्याचीच प्रजा होते. फेब्रुवारी १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले. त्याच्या चिक्कूपणाच्या गोष्टी अजून चघळल्या जातात: विटकी टोपी, कागदांवर वजन म्हणून ठेवलेला जेकब हिरा. थिओफ्रास्टस या ग्रीक लेखकाने स्वभावचित्रांत रंगवलेला मिक्रोलोगोस आठवावा. बायकोच्या हातून तांब्याचे नाणे पडले म्हणून घरातले पलंग-पेट्या हलवून शोधणारा. दोन्हीकडे हसू येते. राजाची काटकसर गमतीची गोष्ट होते आणि रयतेचा खर्च धोरणाचा प्रश्न होतो. निजाम चिक्कू असल्याने मराठवाड्यातला सारा कमी झाल्याचे कुठे वाचनात नाही.

एवढे वाचल्यावर कुणी म्हणेल, हे सगळे पुस्तकी. आजच्या खेड्यातली लग्ने पाहिली आहेत का? डीजे, प्री-वेडिंगचे शूटिंग, ड्रोन, फटाके, मंगल कार्यालय, हजार-दीड हजार पान. हरकत खरी आहे. १८७६ च्या कुणब्याच्या लग्नात जोंधळ्याच्या भाकरीची पंगत होती. आज त्याच जागी बाजारातून विकत आणलेला प्रत्येक जिन्नस आहे. २०२५ मध्ये पुणे आणि नगर भागातल्या मराठा समाजाच्या बैठकांनी लग्नांसाठी आचारसंहिता ठरवल्या, माणसे कमी, डीजे बंद, प्री-वेडिंग बंद, तेव्हा समाजालाच हे जड झाले आहे हे दिसले. पण हा खर्च कोण करतो आणि कुणाच्या मर्जीने? मुलीचा बाप. कायद्याने १९६१ पासून हुंडा बंद आहे आणि व्यवहारात त्याची नावे बदलली आहेत: मानपान, पोशाख, भांडी, गाडी, ‘आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या’. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या खर्चाला उधळपट्टी म्हणणे म्हणजे खंडणी देणाऱ्याला दानशूर म्हणण्यासारखे आहे. स्वतःच्या करणीने नाश ओढवतो तो उधळ्या, ही ग्रीक अट इथे कामाला येते. सक्ती झाली की तो शब्द लागू होत नाही. दुसरा लागतो, आणि त्यासाठी पोलिसात तक्रार करता येते. हुंडा मागणाऱ्याला मात्र, पाहा, आपल्या भाषेने कधी उधळ्या म्हटले नाही. तो तर काटकसरीच, दुसऱ्याच्या पैशात लग्न उरकणारा.

आकड्यांवरून येणारी हरकत जास्त गंभीर आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत देशातली ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जात होती आणि दर शेतकरी कुटुंबामागे डोक्यावर असलेले कर्ज सरासरी ७४,१२१ रुपये होते. त्या कर्जापैकी शेतीसाठी घेतलेले ५७.५ टक्के. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त रक्कम शेतीबाहेर गेली. मग मंत्री काय चुकीचे बोलले? चुकीचे इतकेच की शेतीबाहेर म्हणजे लग्न नव्हे. दवाखाना, मुलाची फी, घराचे पत्रे, मोटारसायकल, किराणा, सगळे त्यात येते. त्याच पाहणीतला दुसरा आकडा शेजारी ठेवला पाहिजे. शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये, आणि त्यातले पिकातून आलेले अवघे ३,७९८. मजुरीतून त्याहून जास्त, ४,०६३ रुपये. पिकावर चार हजारसुद्धा न सुटणाऱ्या घरात बाळंतपण अडले किंवा बापाला लकवा मारला तर पैसा कुठून येणार? तो पीककर्जातून येतो, कारण व्याजाचा दर सुसह्य असलेले कर्ज त्याच्यापाशी तेवढेच आहे. मग मार्च अखेर कुणाकडून तरी हातउसने घेऊन ते नवे-जुने करायचे, खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणायचे, आणि माल निघाला की आडतीवर आधी तीच उधारी वळती व्हायची. कर्जाचे कारण विचारले की माणूस शेवटचा मोठा खर्च सांगतो, आणि तो बरेचदा लग्न असतो. दरवर्षी थोडे थोडे आत आलेले पाणी कुणी सांगत नाही, कारण त्याला तारीख नसते. वरून पाहणाऱ्यालाही मांडव दिसतो, सोयाबीनच्या भावातली तूट दिसत नाही.

कर्जमाफीने परतफेडीची सवय मोडते, ही हरकत अर्थशास्त्रज्ञांची, आणि ती मी हलकी मानत नाही. २००८ मध्ये केंद्राने, २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये राज्याने माफी दिली. प्रामाणिकपणे हप्ता भरणारा दर वेळी खुळा ठरला. माफी हे औषध नाही, हे मान्य. पण तो धोरणावरचा आक्षेप आहे, शेतकऱ्याच्या चारित्र्यावरचा नाही, आणि आपल्याकडे पहिला सुरू होतो आणि बघता बघता दुसरा होऊन बसतो. दुसऱ्या कर्जदारांबाबत असे होत नाही. मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार बँकांनी आधीच्या दहा आर्थिक वर्षांत सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली. त्यांत मोठे उद्योग आणि सेवा यांचा वाटा ९.२६ लाख कोटींचा. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, हे बँका सांगतात आणि ते बरोबरही आहे. तरी शब्द पाहा. शेतकऱ्याला माफी, जणू गुन्हा केला होता. कंपनीला निर्लेखन, आणि दिवाळखोरीच्या प्रकरणात धनकोने रक्कम सोडली तर हेअरकट, म्हणजे न्हाव्याकडे जाऊन आल्यासारखे. बुडालेल्या कंपनीच्या प्रवर्तकाने मुलाचे लग्न कुठे केले, असा प्रश्न कर्जवसुलीच्या चर्चेत कुणी विचारला तर तो असभ्य ठरेल. शेतकऱ्याला तो भर शेतात, कॅमेऱ्यासमोर विचारता येतो.

देशांच्या बाबतीतही हेच घडते, आणि योगायोगाने त्याचे ठळक उदाहरण ग्रीसचेच. २०१० पासून ग्रीसला युरोपने आणि नाणेनिधीने कर्जे दिली, बदल्यात पेन्शन, पगार आणि दवाखान्यांचा खर्च कापायला लावला. या कापाकापीला इंग्रजीत ऑस्टेरिटी म्हणतात. तो शब्द मूळ ग्रीक, जीभ कोरडी पाडणारा तुरटपणा दाखवणारा. ग्रीकांनी मात्र तिला लितोतिता म्हटले, साधेपणा. लादलेल्या उपासमारीसाठी इतका सात्त्विक शब्द वापरावा लागला, हे त्या लोकांचे दुर्दैव. मार्च २०१७ मध्ये युरोगटाचे, म्हणजे युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे, अध्यक्ष येरून डायसेलब्लूम एका जर्मन वृत्तपत्राला म्हणाले की सगळा पैसा दारूत आणि बायकांवर घालवून मग मदत मागता येत नाही. रोख दक्षिण युरोपकडे होता. ग्रीसच्या सरकारने तुटीचे आकडे लपवले होते आणि खर्च हाताबाहेर गेला होता हे खोटे नाही. तिथले श्रीमंत कर चुकवत हेही. पण शिक्षा झाली पेन्शनवाल्याला, आणि नाणेनिधीच्या प्रमुख अर्थशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये मान्य केले की खर्चकपातीने उत्पादन किती घटेल याचा अंदाज फार कमी धरला गेला होता. नाशिकच्या शेतातले साखरपुडे आणि युरोपातली दारू, दोन्ही आरोपांचा साचा एकच: धनकोच्या बाजूला बसलेला माणूस ऋणकोच्या सुखाची यादी वाचतो.

राहिला प्रश्न आपल्याच संतसुधारकांचा. गाडगेबाबा जन्मभर ऋण काढून सण करू नका असे सांगत हिंडले. ज्या १८७६ साली तो अहवाल लिहिला गेला त्याच साली त्यांचा जन्म. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि भटजीवाचून, कमी खर्चात लग्ने लावली. मग त्यांनीही शेतकऱ्याला उधळ्याच ठरवले म्हणायचे का? फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडून पाहावा. जन्मापासून मरणापर्यंत विधींच्या नावाखाली होणारा खर्च त्यांनी एक एक करून मोजला आहे, पण तो शेतकऱ्याचा दुर्गुण म्हणून नाही, त्याची लूट म्हणून. आणि त्या हिशेबाला त्यांनी सारा, स्थानिक फंड, कालव्याची पाणीपट्टी, अधिकाऱ्यांची मिजास यांचा हिशेब जोडला. खर्च कमी कर म्हणणाऱ्याने तो पैसा कुणाच्या खिशात जातो हेही सांगितले पाहिजे, एवढी त्यांची रीत होती. गाडगेबाबांनी हे कीर्तनात, त्याच लोकांच्या भाकरीवर जगून सांगितले. स्वतःपाशी खापर आणि काठी. त्यांच्या तोंडचे वाक्य सरकारी गाडीतून उतरलेल्या माणसाने उचलले की ते तेच वाक्य राहत नाही. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेला फुल्यांचे नाव आहे, एवढे तरी ते उचलणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

लग्ने साधी व्हावीत, हुंडा मागणाऱ्यावर गुन्हे दाखल व्हावेत, गावाने ठरवून डीजे बंद करावा; हे सगळे गावाने स्वतःसाठी करायचे काम आहे आणि ते काही ठिकाणी सुरूही झाले आहे. सरकारने आणि बँकेने करायचा हिशेब वेगळा. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात मराठवाड्याच्या बाजारांत भाव कितीतरी दिवस त्याच्या खाली रेंगाळला. समजा एखाद्याने वीस क्विंटल माल ४,२०० ने दिला, तर एका हंगामात १३,८४० रुपये त्याच्या हाती आलेच नाहीत. पाच हंगामांत हा आकडा सत्तर हजारांच्या घरात जातो, म्हणजे २०१९ च्या पाहणीतल्या सरासरी कर्जाच्या जवळपास. यात मोझॅक रोगाने गेलेला हंगाम धरलेला नाही, पीकविम्याची न मिळालेली रक्कम धरलेली नाही, लग्नही धरलेले नाही. पुढच्या वेळी एखादा मंत्री बांधावर उभा राहील तेव्हा त्याने आधी हा हिशेब शेतकऱ्यासमोर बसून करावा. साखरपुड्याचा खर्च त्यानंतर खुशाल विचारावा.